सायकल, ब्रेकव्हॅन आणि तरट

परभणीहून मुंबईला सायकल न्यायची होती. पहिल्यांदा तशीच उघडी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकली. उतरवून घेतली तर मागचा गिअर वाकलेला. पावती हातात होती, पण भांडणार कुणाशी?

पुढच्या खेपेला नांदेड गाठलं. परभणीला गाडी थांबते जेमतेम काही मिनिटं. नांदेडहूनच सुटणारी गाडी आधीपासून फलाटावर उभी असते, चढवायला सवड मिळते. पेडलं काढली (डाव्याचे आटे उलटे असतात, हे विसरून अर्धा तास घाम गाळला), हँडल वळवून फ्रेमला समांतर केलं, गिअरवर पुठ्ठा आणि वरून सगळीकडे तरट शिवलं. त्यावर नाव, कुठून-कुठे, मोबाईल नंबर. तिकीट दाखवून 'लगेज' म्हणून बुक केली. पार्सलमध्ये टाकली तर ती आपल्याच गाडीने येईल याचा नेम नाही.

मुंबईला उतरल्याबरोबर ब्रेकव्हॅनकडे पळालो. एक ओरखडा, बाकी ठणठणीत.