अर्धी राहिलेली पदवी अमेरिकेत पूर्ण करताना

एस.वाय.बी.कॉम.ला कॉलेज सुटलं, लग्न झालं, न्यू जर्सीला आलो. अशा कितीजणी मला भेटतात, काही पुरुषही. सगळ्यांचा प्रश्न एकच: आता पहिल्यापासून सुरुवात करायची का? नाही. ती दोन वर्षं इथे जमेस धरली जाऊ शकतात.

इथे अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. बॅचलर्स पदवी साधारण १२० क्रेडिटची असते, एक विषय बहुतेक ३ क्रेडिटचा. थोडं कॉमर्स, थोडं कॉम्प्युटर असं विखुरलेलं शिक्षण असेल तर इंटरडिसिप्लिनरी, लिबरल किंवा जनरल स्टडीजची, म्हणजे वेगवेगळे विषय एकत्र धरणारी पदवी बघा. ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी तर १९७२ साली मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीच सुरू झाली. आपली माणसं या पदव्यांना नाकं मुरडतात. इंजिनिअरिंग नाही म्हणजे शिक्षणच नाही, असं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तोंडावर ऐकवतात. मला त्याचा अजून राग येतो. कुठलीही बॅचलर्स चालेल अशा नोकऱ्या भरपूर असतात, तिथे ही पदवी पुरते. शिक्षक किंवा सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखं) व्हायचं असेल तर मात्र लायसन्सच्या अटी आधी वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रेडिट पुढे धरले जातील का, हे फी भरण्याआधी विचारा. मी विचारलं नाही. धाकटीला शेजारणीकडे ठेवून, बर्फात बस पकडून, घराजवळच्या एका संस्थेत मी तीन सेमिस्टर संध्याकाळचे वर्ग केले. आठ विषय, २४ क्रेडिट. मग स्टेट कॉलेजात गेले. तिथल्या बाईंनी कागद दोन मिनिटं वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. त्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे शैक्षणिक मान्यता, त्यांना चालणारी नव्हती. एकही क्रेडिट मिळालं नाही.

म्हणून पदवी जिथून घ्यायची त्या कॉलेजला विषयाच्या क्रमांकासह ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. शिकवणाऱ्या संस्थेचा शब्द धरू नका. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी सरकारी कॉलेजांनी पुढे धरावी, असा २००७ पासून कायदा आहे. एडिसन गावातच मिडलसेक्स कॉलेज हे असं काउंटी कॉलेज आहे. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

भारतातल्या शिक्षणाचं मूल्यांकन विषयवार करून घ्या, तेही कॉलेजला मान्य असलेल्या एजन्सीकडूनच. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट लागतो, म्हणजे सगळ्या विषयांचा आणि गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा. मार्कशीट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या बंद पाकिटात येतो, चिकटवलेल्या कडेवर शिक्का असतो. एका मैत्रिणीने ते पाकीट आनंदाच्या भरात फोडलं आणि मुंबईला पुन्हा अर्ज करावा लागला.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या नवरा-बायकोच्या व्हिसावर, शिकता येतं, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारची फीसाठीची मदत मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा, म्हणजे त्या मदतीचा अर्ज, भरा. तो फुकट असतो, भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका. क्लेपच्या परीक्षा देऊनही, म्हणजे वर्गात न बसता विषय येतो हे दाखवूनही, काही क्रेडिट मिळतात. कॉलेज कुठल्या घेतं ते बघा.

आणि सुट्टीत भारतात जाणार असाल तर ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार प्रती एकदमच काढून आणा.