जर्मनीत नोकरीला आलात? युनियनचं पहिल्याच महिन्यात बघून घ्या

श्टुटगार्टच्या आसपास नवीन आलेली मराठी मंडळी फोन करतात ती घरासाठी, आन्मेल्डुंगसाठी (राहत्या पत्त्याची सरकारी नोंद), आरोग्य विम्यासाठी, मुलांच्या किटासाठी (पाळणाघर-बालवाडी). युनियनबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मला त्याचं कारण कळतं. आपल्याकडे युनियन म्हटलं की 1982 चा गिरणी संप डोळ्यांसमोर येतो. लालबाग-परळमधल्या घराघरांनी त्याची झळ सोसली. पुण्यातल्या आयटीतून थेट इथे आलेल्यांचा तर युनियनशी कधी संबंधच आलेला नसतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, इथे इंजिनिअर, अकाउंटंट, नर्स, बसचालक सगळेच सभासद होतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नसतं. जर्मन राज्यघटनेच्या नवव्या कलमात संघटनेचा हक्क ‘प्रत्येकाला’ दिला आहे, त्याला नागरिकत्वाची अट नाही. सभासद झाल्याने व्हिसाला धक्का लागत नाही, आणि मुलाखतीत कंपनीला हा प्रश्न विचारता येत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण नव्या माणसाचा इथेच घोळ होतो. बेट्रिब्सराट म्हणजे तुमच्याच कंपनीतल्या लोकांनी निवडून दिलेली समिती. ती सगळ्यांची असते, तिला वर्गणी लागत नाही. कंपनीत कायमचे पाच मतदार कर्मचारी असले की ती निवडता येते. निवडणूक दर चार वर्षांनी मार्च ते मे या काळात होते, 2022 मध्ये झाली, नंतरची पाळी 2026 ची. तुम्हाला मत देता येतं, आणि कंपनीत सहा महिने झाले की उभंही राहता येतं. भारतीय पासपोर्ट आड येत नाही. युनियन ही कंपनीबाहेरची, अख्ख्या उद्योगाची संघटना. पगारवाढ, आठवड्याचे तास, रजा यांचा करार, म्हणजे टारिफ, ती मालकांच्या संघटनेशी करते.

बेट्रिब्सराटची ताकद बघायची असेल तर कर्मचारी सभा चुकवू नका. कायद्याने ती दर तिमाहीला घ्यायची असते, कामाच्या वेळेत आणि भरपगारी. आमच्याकडे ती कँटीनमध्ये होते. समितीची अध्यक्ष माइकवर उभी राहते आणि वरिष्ठांना तोंडावर विचारते, ‘तीन जागा रिकाम्या आहेत, त्यांचं काम कोण करतंय? तासांची नोंद कुठे आहे?’ आणि साहेब उठून उत्तर देतात. ‘सर’ म्हणत वाढलेल्या आपल्या लोकांनी हे एकदा पाहावंच. तासांच्या नोंदीचा तो प्रश्नसुद्धा युनियननेच लढवलेला आहे. स्पेनच्या एका युनियनने बँकेविरुद्ध नेलेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं की कामाचे तास मोजायची पद्धत मालकाने ठेवलीच पाहिजे. 2022 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने तेच इथे लागू केलं. रात्री पुण्याच्या टीमबरोबर कॉल घेत असाल तर हे लक्षात ठेवा. दोन कामाच्या दिवसांत सलग 11 तास विश्रांती हा तुमचा हक्क आहे.

आता पैशाचं. आयजी मेटाल या धातू उद्योगातल्या युनियनची वर्गणी महिन्याच्या ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीच्या, पगाराच्या एक टक्का आहे, आणि ती कर विवरणपत्रात खर्च म्हणून दाखवता येते. एक टक्का जास्त वाटतो, मान्य. पण कायद्याने आठवड्याच्या पाच दिवसांवर वर्षाला 20 रजा मिळतात, आणि मेटालच्या करारात 30. पस्तीस तासांचा आठवडा 1984 च्या मोठ्या संपातून सुरू होऊन 1995 मध्ये पश्चिम जर्मनीच्या धातू उद्योगात पूर्ण झाला. लहान मुलं असतील किंवा घरी कुणाची शुश्रूषा करावी लागत असेल, तर 2019 पासून याच करारातल्या वार्षिक जादा रकमेऐवजी आठ दिवस सुट्टी मागता येते. आई-वडिलांसाठी गावी जाणाऱ्यांना हे आठ दिवस सोन्यासारखे. एक लक्षात घ्या, करारावर कायदेशीर हक्क सभासदांचाच असतो. कंपन्या सहसा सगळ्यांना तेच देतात, पण ती त्यांची मर्जी.

पहिल्या महिन्याचा आग्रह मी का धरतो? सभासदांना कामगार न्यायालयात वकील मिळतो, पण सहसा तीन महिन्यांची सभासदकी झाल्यावर. नोकरी गेल्यावर धावत जाऊन उपयोग होत नाही. आणि इथे मुदती फार कडक आहेत. कामावरून काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत दावा दाखल केला नाही, तर ते पत्र चुकीचं असलं तरी लागू होतं. शिवाय पहिल्या न्यायालयात तुम्ही जिंकलात तरी आपल्या वकिलाची फी आपणच भरायची असते. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर काढलं म्हणून कुणी सांगितलं तर ते ग्राह्य नाही, सहीचा कागद लागतो.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ओळखीच्या एका मुलाला शुक्रवारी दुपारी बोलावून ‘आपसात मिटवू’ म्हणत कागद पुढे केला. तो आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे राजीखुशीने नोकरी संपवायचा करार होता. त्याने सही केली. बेकारी भत्ता 12 आठवडे थांबला, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला म्हणून झोप उडाली ती वेगळीच. असा कागद आला तर एकच वाक्य बोला: ‘घरी नेऊन वाचतो.’ जागेवर सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही. मालकाने काढलं असतं तर आधी बेट्रिब्सराटला विचारावं लागलं असतं. न विचारता काढलेलं टिकत नाही. या कागदात ती पायरीच गळते.

ब्रुसेल्समध्ये काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय, असं वाटेल. पण तुमच्या पगाराच्या चिठ्ठीपर्यंत ते येतं. युरोपातल्या युनियनांचा महासंघ 1973 पासून तिथे आहे. 2022 च्या किमान वेतन निर्देशासाठी त्याने जोर लावला. निर्देश म्हणजे युरोपीय संघाचा नियम, जो प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात आणायचा असतो. ज्या देशात सामूहिक करार 80 टक्क्यांपेक्षा कमी कामगारांना लागू आहेत, त्यांनी ते वाढवायचा आराखडा करायचा, असं त्यात आहे. जर्मनीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास. सगळ्या युनियनांचं एकमत होतं असं समजू नका. स्वीडन-डेन्मार्कच्या युनियनांनी विरोध केला, कारण तिथे वेतन करारानेच ठरतं आणि सरकारने त्यात हात घालू नये असं त्यांचं म्हणणं. मला त्यांची काळजी पटते, पण जिथे करार दुबळे आहेत तिथे कायद्याचा आधार हवाच. इथलं किमान वेतन 2015 मध्ये तासाला 8.50 युरो होतं, 2026 पासून 13.90. डीजीबीची, म्हणजे जर्मन युनियनांच्या महासंघाची, मागणी 15 ची होती.

अन्नाची डिलिव्हरी करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी 2024 चा प्लॅटफॉर्म निर्देश महत्त्वाचा. ॲप जर तुमच्या कामावर ताबा ठेवत असेल तर तुम्ही नोकरदार आहात असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. देशांना तो कायद्यात आणायची मुदत डिसेंबर 2026. पण वैतागून चार मित्रांनी आपलाच संप करू नका. जर्मनीत युनियनने पुकारलेल्या संपालाच संरक्षण आहे.

वेतन पारदर्शकतेचा 2023 चा निर्देश नोकरी बदलणाऱ्यांनी वाचावा. ‘आधीचा पगार किती?’ हा आपला सवयीचा प्रश्न त्यात मालकाला मना आहे, आणि पगाराचा पट्टा त्याने आधी सांगायचा आहे. देशांना ते कायद्यात आणायची मुदत जून 2026 ची.

रविवारी दुकानं बंद म्हणून नवीन लोक कुरकुरतात. त्या सुट्टीसाठी इथे सेवाक्षेत्राची वेर्डी युनियन आणि चर्च एकत्र उभे राहतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती याच मागणीतून.

कुठे जायचं? मोटार, यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स असेल तर आयजी मेटाल. सॉफ्टवेअर सेवा, रुग्णालय, टपाल, दुकान असेल तर वेर्डी. हॉटेल-रेस्टॉरंटला एनजीजी, शिक्षकांना जीईडब्ल्यू. ठरत नसेल तर गावातल्या डीजीबीच्या कार्यालयात विचारा. सभासद नसलात तरी युरोपबाहेरून आलेल्यांसाठी ‘फेअरे इंटेग्रात्सिओन’ ही सल्लासेवा मोफत आहे, आणि तिथे अनेक भाषांत बोलता येतं. जाताना नोकरीचा करार आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या सोबत न्या.