वनस्पतींच्या मत्स्यटाकीत कार्बन डायऑक्साइड आणि फिल्टर यांचा मेळ

वनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडण्यापूर्वी फिल्टरची व्यवस्था नीट लावावी, कारण सोडलेला वायू पाण्यात किती टिकतो आणि पानांपर्यंत पोहोचतो की नाही, हे मुख्यतः पाण्याच्या प्रवाहावर ठरते. काठावर टांगलेल्या फिल्टरमधून पाणी उंचावरून पडत असेल तर विरघळलेला बराचसा वायू हवेत निघून जातो; म्हणून माझी पसंती कॅनिस्टर फिल्टरला, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरला आहे. ताशी टाकीच्या क्षमतेच्या ५ ते १० पट पाणी फिरवणारा फिल्टर घ्यावा आणि त्याची तोटी अशी वळवावी की पृष्ठभागावर बारीक लहरी उठतील, पण पाणी फुटणार नाही.

वायूचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम असावे. ते सेकंदाला पडणाऱ्या बुडबुड्यांवरून कळत नाही. त्यासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे वायूचे प्रमाण रंगावरून दाखवणारी छोटी कुपी, टाकीत लावावा. त्यात टाकीतले पाणी न भरता ४ अंश केएचचे (कार्बोनेट कठिणतेचे) तयार द्रावण आणि सोबतचा रंगद्रव सांगितल्याप्रमाणे भरावा, आणि तो चेकर वायूचे बारीक बुडबुडे पाण्यात सोडणाऱ्या डिफ्युझरपासून दूर बसवावा. निळा रंग वायू कमी असल्याचे, हिरवा पुरेसा असल्याचे आणि पिवळा जास्त झाल्याचे दाखवतो. रंग बदलायला एक-दोन तास लागत असल्याने सिलिंडरवरचा रेग्युलेटर दर दहा मिनिटांनी फिरवण्यात अर्थ नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर मात्र रंगाची वाट न पाहता वायू बंद करून हवेचा पंप लावावा.

इंदुरात नळाला जलूदहून आणलेले नर्मदेचे पाणी येते, तर पुष्कळ घरांत माळव्याच्या काळ्या खडकातले बोअरिंगचे पाणीही वापरतात, आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच हौदात मिसळतात. त्यामुळे दुसऱ्याच्या टाकीतला सामू (पीएच) आपल्याला लागू पडेलच असे नाही. केएच ४ असताना सामू ६.६ वर वायूचे जे प्रमाण मिळते, तेच केएच १० असताना सामू ७ वरच मिळते. तेव्हा आधी केएच मोजावा.

दिवे लागण्याच्या साधारण दोन तास आधी वायू सुरू करावा आणि ते मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा, कारण अंधारात वनस्पती स्वतःच प्राणवायू घेतात. वैशाखात पारा चाळिशीपार गेला की कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून त्या दिवसांत वायू थोडा कमीच ठेवावा. साखर आणि यीस्टपासून हा वायू तयार करणारी बाटली स्वस्त असली, तरी ती उन्हाळ्यात अनावर होते आणि रात्री बंद करता येत नाही. माशांच्या टाकीसाठी मी ती सुचवणार नाही.

फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू मरतात. वीज काही तास गेली असेल, तर कॅनिस्टर परत चालू करण्यापूर्वी उघडून आतले साचलेले पाणी ओतून टाकावे.