सिम्युलेशन शिकायचंय? आधी वही घेऊन शेडमध्ये बसा

व्यवसाय प्रक्रियांचं सिम्युलेशन, म्हणजे कामाचा ओघ संगणकातल्या मॉडेलमध्ये चालवून बघणं, शिकायला घेतलं तेव्हा माझे पहिले दोन महिने सॉफ्टवेअरची बटणं ओळखण्यात गेले. खरं शिक्षण झालं एप्रिलमध्ये, रत्नागिरीजवळ काकांच्या हापूसच्या पॅकिंग शेडमध्ये, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि वही घेऊन.

एका टेबलावर आंबा निवडायला क्रेटमागे सरासरी पाच मिनिटं लागत होती आणि तासाला साधारण दहा क्रेट येत होते. मी मॉडेलमध्ये दर सहा मिनिटांनी एक क्रेट आणि त्याला बरोबर पाच मिनिटं काम धरलं. तिथे रांगच लागेना! शेडमध्ये मात्र दुपारी भिंतीपर्यंत थप्प्या.

वही नीट वाचल्यावर कळलं. स्वच्छ क्रेटला चार मिनिटं लागत, पण पाचातला एक चीक सांडलेला असे; एकेक फळ पुसायचं म्हणजे नऊ मिनिटं. पाच मिनिटांचा क्रेट जवळजवळ नव्हताच. निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "गाड्या काय एकेक करून येतात होय? तोडणी संपली की सगळ्या एकदम दारात."

म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं: सरासरी नको, प्रत्येक नोंद ठेवा आणि तिचा आलेख काढा. एकच टेबल असेल, येणं आणि कामाचा वेळ दोन्ही पूर्ण अनियमित असतील, तर टेबल ८० टक्के वेळ व्यस्त असताना तिथे (रांगेत आणि टेबलावर मिळून) सरासरी ४ क्रेट असतात. ९० टक्क्यांना ९. हे गणित हाताने सोडवून बघा, मग रांग का फुगते ते अंगात भिनतं.

मॉडेल तपासायला लिटलचा नियम हाताशी ठेवा: आत असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीचा आत राहण्याचा सरासरी वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. तासाला १० क्रेट, प्रत्येक ३ तास शेडमध्ये, तर जमिनीवर सरासरी ३० क्रेट हवेत. मोजून बघा. आकडा जुळला नाही तर चूक नोंदीत किंवा मॉडेलमध्ये आहे.

साधन म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं सिमपाय (SimPy) हे सिम्युलेशनचं पॅकेज पुरे. ते फुकट आहे. मॉडेल एकदाच चालवून निकाल सांगू नका. यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यावरून संगणक ते आकडे काढतो तो) बदलत निदान तीसेक वेळा चालवा आणि उत्तर पल्ल्यात, म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंत असं, द्या.

काकांना दुसरं टेबल घ्यायचं होतं. आम्ही आधी मॉडेलमध्ये गाड्यांच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे-मागे केल्या. रांग तेवढ्यानेच बरीच उतरली. टेबल त्या वर्षी घेतलं नाही.