डेन्मार्कचे जुने सागवानी कॉफी टेबल : डागडुजी करताना या चुका टाळा

१९५० आणि १९६० च्या दशकांत डेन्मार्कमध्ये तयार झालेली अनेक सागवानी कॉफी टेबले आजही भक्कम उभी आहेत. त्यांचे खरे नुकसान बहुतेक वेळा वापराने होत नाही, तर ती नव्यासारखी दिसावीत म्हणून केलेल्या घाईच्या दुरुस्तीने होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टेबलाचा वरचा भाग भरीव सागवानाचा आहे असे गृहीत धरून त्यावर घासयंत्र फिरवणे. पाय आणि कडेच्या पट्ट्या भरीव असल्या, तरी वरचा पृष्ठभाग पुष्कळदा चिपबोर्डावर किंवा ब्लॉकबोर्डावर चिकटवलेल्या व्हिनियरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा असतो आणि त्या व्हिनियरची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. कडेजवळ, कडेला समांतर जाणारी बारीक सांध्याची रेषा दिसली, किंवा लाकडाच्या वरच्या रेषा फळीच्या टोकाशी पोहोचून खाली न उतरता एकदम थांबल्या, तर ते व्हिनियर समजावे. अशा पृष्ठभागावर २४० किंवा त्याहून बारीक नंबरचा पॉलिश पेपर, हातानेच आणि रेषांच्या दिशेनेच चालवावा. सगळ्यात आधी कडा उघड्या पडतात. तिथे फिकट पट्टा दिसू लागला की हात तत्काळ थांबवावा, कारण गेलेले व्हिनियर कोणत्याही पॉलिशने परत येत नाही.

दुसरी चूक डाग न ओळखताच उपाय करण्याची. कपाचे पांढरे वर्तुळ म्हणजे सहसा लॅकरच्या, म्हणजे लाकडावरच्या पारदर्शक लेपाच्या थरात अडकलेला ओलावा. तो काही दिवसांत आपोआपही उडून जातो, म्हणून आधी वाट पाहावी. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. पाण्याबरोबर लोखंडाचा अंश आला आणि लाकडातील टॅनिन या नैसर्गिक द्रव्याशी त्याची प्रक्रिया झाली की असा डाग पडतो, आणि तो ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने फिकट होतो. हे द्रावण विषारी असल्यामुळे हातमोजे घालावेत आणि ते केवळ डागावर न लावता आधी जुना थर काढून संपूर्ण पृष्ठभागावर लावावे. नाहीतर काळ्या डागाच्या जागी पांढुरका ठिपका उरतो.

तेलाच्या बाबतीत ‘जास्त लावले की जास्त चमक’ ही समजूत सोडून द्यावी. लॅकर असलेल्या टेबलात तेल मुरतच नाही. तेलाचे पॉलिश असल्यास पातळ हात द्यावा आणि साधारण वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे, अन्यथा पृष्ठभाग चिकट होऊन धूळ धरतो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, कारण ती स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.

पाय डुगडुगत असल्यास जुन्या सरसावर नवा गोंद ओतू नये. सांधा उकलून, जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून पूर्ण काढल्यावरच नवा लावावा.

खालची बाजू साफ करण्यापूर्वी तिथल्या खुणांचे फोटो अवश्य काढून ठेवावेत. ‘फ्रान्स अँड डाव्हरकोसेन’ ही डेन्मार्कची फर्निचर कंपनी १९५७ मध्ये ‘फ्रान्स अँड सोन’ झाली. त्यामुळे तिच्या नावाचा एवढासा धातूचा बिल्लासुद्धा टेबल त्या वर्षाच्या आधीचे की नंतरचे, हे सांगून जातो.