गवत बदलण्याआधी कुदळ घ्या

फुटबॉलच्या मैदानावर गोलपोस्टसमोरचं गवत गेलं की मंडळाचा पहिला फोन नर्सरीला जातो. कार्पेट, म्हणजे मातीसकट कापलेल्या तयार गवताच्या लाद्या, मागवायचं, अंथरायचं, पाणी मारायचं आणि पुढच्या रविवारी सामना लावायचा. माझं सांगणं एवढंच, की फोन करायच्या आधी कुदळ घ्या आणि त्या उघड्या पडलेल्या जागेत वीतभर खणा.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून बारा वर्षं गोलात उभा राहिलो, शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर खेळलो. गेली सोळा वर्षं शहराच्या कडेला, उसाच्या रानाला लागून असलेलं एक मैदान सांभाळतोय. ती कडक जागा माझ्या गुडघ्यांनी सोसलीय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

खणल्यावर बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. वर बोटभर धूळ, तिच्याखाली चप्प बसलेला काळा थर, आणि त्या थराला टेकून आडवी वळलेली मुळं. गवत मेलं ते या थरामुळे. शेकडो वेळा बूट पडून माती दाबली गेली, तिच्यातली हवा गेली, पाणी खाली उतरेनासं झालं. तिथे नवं गवत आणून टाकलं तरी तेही दोन महिन्यांत त्याच वाटेने जाणार.

खात्री करायची असेल तर फूटभर खोल खड्डा घ्या आणि पाण्याने काठोकाठ भरा. ते पाणी मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाभराने पट्टी लावून पाहा. चार बोटं किंवा जास्त उतरलं असेल तर जमीन ठीक आहे, नुसतं गवत बदललं तरी चालेल. बोटभरही उतरलं नसेल तर गवताचे पैसे आधी जमिनीत घाला.

हे मी शिकलो त्याची किंमत मंडळाने मोजलीय. आठ वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही गोलांसमोर वाळू भरून घेतली आणि वर नर्सरीतून आणलेलं कार्पेट अंथरलं. हिरवंगार दिसत होतं, लोक फोटो काढून गेले. तीन आठवड्यांनी सामना लावला. पहिल्याच हाफमध्ये आमच्या बॅकने स्लायडिंग टॅकल मारला आणि त्याच्या पायाबरोबर हातभर लादी चादरीसारखी गोळा झाली. खेळ थांबला. मी ती लादी उचलून उलटी केली. खाली नर्सरीतून लादीबरोबर आलेल्या लाल मातीचा गुळगुळीत, ओला थर होता, साबणाच्या वडीसारखा. त्यातून एकही पांढरं मूळ बाहेर आलेलं नव्हतं. खालची वाळू मात्र कोरडी होती. चिकण लाल माती पाणी स्वतःपाशी धरून ठेवते, पुरती भिजून जड झाल्याशिवाय वाळूत सोडत नाही. वरच पाणी मिळतंय म्हटल्यावर मुळं खाली कशाला जातील? बॅकचा घोटा मुरगळला, तो महिनाभर घरी बसला. ते अजून माझ्या मनाला लागतं.

म्हणून लादी घेताना ती उलटी करून पाहा. वाळूवर वाढवलेली असेल तरच घ्या. लाल मातीवरचीच मिळत असेल तर मुळाची माती पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन मग लावा. वेळखाऊ काम आहे, पण करा.

गवत कुठलं? आपल्याकडे उत्तर सोपं आहे: हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. शेतकरी जिच्या नायनाटासाठी उन्हाळाभर नांगरट करतो, तीच इथे हवी, कारण ती जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून पसरते आणि तुडवलं तरी पुन्हा उठते. मैदानांसाठी तिचा बारीक पानाचा संकर मिळतो, ‘टिफवे ४१९’ नावाचा, मूळ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. त्याला बी धरत नाही, त्यामुळे त्याचं बियाणं म्हणून कोणी पुडी विकत असेल तर घेऊ नका. तो काड्या टोकून किंवा लाद्या लावूनच वाढतो.

आता जमीन. पूर्ण मैदान म्हणजे १०५ गुणिले ६८ मीटर, ७,१४० चौरस मीटर. फूटभर वाळूचा थर सगळीकडे द्यायचा तर साडेसातशे ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) पुढे जातं. ते प्रत्येक मंडळाला झेपणारं नाही. पण गोलसमोरचा छोटा चौकोन, पोस्टच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे साडेपाच मीटर, हा फक्त १०० चौरस मीटरचा आहे. दोन्हीकडचे मिळून २००. सुरुवात तिथून करा. उरलेल्या मैदानाला दर पाच-सहा मीटरवर दीड फूट खोल चर काढा, त्यात भोकं असलेला चार इंची पाइप आणि खडी घाला, वर जाड वाळू भरा आणि पाइपचं तोंड मैदानाबाहेरच्या गटाराला काढा. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतची मधली रेषा कडेपेक्षा २५ ते ३० सेंटीमीटर उंच ठेवा. उतार मोजायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते, गवंडी वापरतो तीच.

गोलसमोरची जागा फूटभर उकरा, तळाची माती पहारीने मोकळी करा. तळ टणक किंवा चिकण असेल तर तिथूनही एक चर बाहेर काढा, नाहीतर त्या खड्ड्याची विहीर होते. मग मिश्रण भरा: आठ घमेली वाळू, दोन घमेली चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. कच्चं शेणखत नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही येतात. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते आणि तिच्यात दगडाची भुकटी फार असते. काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घेऊन जोरात हलवा. अर्ध्या तासानेही पाणी दुधासारखं पांढुरकं असेल तर ती गाडी परत पाठवा किंवा धुतलेली मागवा. ही भुकटी भिजून बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. भरताना चार-चार बोटांचे थर द्या, प्रत्येक थर पायाने तुडवा आणि शेवटी फळी मारून सपाट करा.

वेळेबद्दल माझं मत पक्कं आहे: रोहिणी ते मृग. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. उन्हाळ्याची ऊब जमिनीत असते, वळवाचं पाणी मिळतं, आणि जुलैत तरणा-म्हातारा पाऊस झोडपायला लागेपर्यंत मुळं धरतात. स्पर्धा लांबली म्हणून जुलैत लावाल तर वाळू वाहून जाईल आणि काड्या तरंगतील. डिसेंबरात लावाल तर थंडीत हरळी झोपलेली असते, लादी नुसती पडून राहते.

काड्या तीन-चार पेरांच्या घ्या, चार ते सहा इंचांवर टोका, एक पेर बाहेर ठेवून बाकीची मातीत. काढल्या दिवशीच लावा; सावलीतही त्या एका रात्रीत सुकतात. मैदान भरायला अडीच-तीन महिने लागतात. लाद्या लावायच्या तर विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवा, फटींत तेच मिश्रण भरा, हलका रोलर फिरवा. पहिले दहा दिवस दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, मग हळूहळू पाळी लांबवा म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खाली जातील.

एकदा गवत लागलं की पाण्याचा हिशेब समजून घ्या. पूर्ण मैदानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ७,१४० लिटर. एप्रिलच्या उन्हात रोज पाच मिलिमीटर धरलं तर ३५ हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजारी टँकर साडेतीन. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवस आड, पहाटे, भरपूर द्या. स्प्रिंकलर सगळीकडे सारखं पाणी टाकतोय का ते पाहायला रिकामे डबे मांडून ठेवा. आमच्याकडे एका कोपऱ्यातल्या डब्यात मधल्याच्या निम्मंच पाणी निघालं आणि तिथलं गवत का पिवळं पडतं हे कोडं सुटलं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. ओल्या मैदानावर रोलर तर कधीच नाही. शेतात वाफसा येण्याची, म्हणजे पाणी मुरून जमीन कामाजोगी होण्याची, वाट पाहतो तशीच इथे पाहायची.

कापणी वाढीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, उंची २५ ते ३० मिलिमीटर. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. कापल्यावर शेंडे पांढरे, पिंजलेले दिसले तर पातं बोथट आहे. युरिया दर पंधरवड्याला ३५ ते ४० किलो, ४५ किलोच्या एका पोत्याच्या आतच, कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी. मुसळधार पावसात तो देऊ नका, वाहून जातो.

सामना संपला की पाच जण वाळूची बादली घेऊन मैदानभर फिरतात. उखडलेला तुकडा जागेवर बसवायचा, पायाने दाबायचा, खळग्यात वाळू टाकायची. अर्ध्या तासाचं काम. सामन्यातला राग शांत व्हायच्या आत दोन्ही संघांची पोरं हे एकत्र करतात, आणि मला हंगामातला हा भाग फार आवडतो. दर महिन्याला गोलसमोर दात्यांचा फोर्क चार बोटं खोल खुपसून थोडा मागे झुकवायचा, वीतभर अंतरावर पुन्हा. वर्षातून एकदा सगळ्या मैदानावर तीन मिलिमीटर वाळू पसरा. तिला साडेसात ब्रास लागतात.

उसाचं रान जवळ असेल तर हुमणीकडे लक्ष द्या. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच प्रकाश सापळा लावून किंवा फांद्या हलवून ते गोळा करून मारा. ऑगस्टमध्ये बगळे आणि साळुंक्या एकाच जागी चोची मारताना दिसल्या तर तिथलं गवत हाताने ओढा. सहज सुटून आलं तर खाली पांढऱ्या अळ्या आहेत. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी ओलाव्यात टाकली तर उपयोग होतो. लव्हाळ्याला मात्र खुरपून भागत नाही, गाठ खाली राहिली की तो परत येतो. खुरपं खोल घालून गाठीसकट काढा.

मैदानाला विश्रांती द्या, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या मैदानाला आठवड्याला तीन सामने आणि दोन सराव झेपतात. सरावाचे गोल हलते ठेवा, दर आठवड्याला जागा बदला. एका वर्षी लग्नाचा मांडव टाकू दिला. खुंट्यांनी पाइप फुटले, गाड्यांनी चाकोऱ्या पाडल्या, हंगाम महिनाभर पुढे गेला.

गोलमागे १०० चौरस मीटरचा एक तुकडा तशाच वाळूवर वाढवून ठेवा. हंगामात गोलसमोर भोक पडलं की तिथूनच लादी कापा, बोटभर नको, चांगली दोन बोटं जाड. नवं गवत खेळायला कधी उघडायचं हे तारखेवर ठरवू नका. खाली बसा, मूठभर पानं धरा आणि वर ओढा. पानं तुटून हातात आली आणि जमीन हलली नाही, तर चुन्याची रेघ मारा. लादी उचलली गेली तर अजून पंधरा दिवस दोरी बांधून ठेवा.