सबस्क्रायबर वाढले पण हिट्स तेवढेच? फीड आणि ईमेलचा हिशोब असा लावा

सबस्क्रायबर ५०० झाले म्हणून खुशीत ॲनालिटिक्स (ब्लॉगवर किती वाचक कुठून आले ते मोजणारी सेवा) उघडावं तर रोजचे वाचक आधी होते तेवढेच, हे बघून भल्याभल्यांचा हिरमोड होतो. लोक वाचत नाहीत असं नसतं, बरेचदा वाचतात पण ब्लॉगवर न येता वाचतात, आणि जे येतात तेही भलत्याच खात्यात जमा होतात. म्हणून आधी मोजायचं कसं ते बघू.

फीड म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लेखांची साधी एक्सएमएल फाइल, तिचे प्रकार दोन, १९९९ मध्ये नेटस्केपने पहिल्यांदा आणलेलं आरएसएस आणि नंतर आलेलं ॲटम. वर्डप्रेसवर ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन फीड लिहिलं की समोर येते. वाचकाच्या रीडरचा, म्हणजे अनेक ब्लॉगचे नवे लेख एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या ॲपचा, सर्व्हर ही फाइल दर थोड्या वेळाने येऊन बघून जातो, वाचक स्वतः येत नाही, आणि ॲनालिटिक्सचा कोड चालतो जावास्क्रिप्टवर, तो फीडमध्ये चालतच नाही. म्हणजे फीडमध्ये अख्खा लेख दिला असेल तर तो शंभर जणांनी शेवटपर्यंत वाचला तरी तुमच्या आकड्यात शून्य!

मग अर्धाच लेख द्यायचा का? वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंगमध्ये पूर्ण मजकूर की सारांश हे ठरवता येतं. माझं मत विचाराल तर फीड पूर्णच ठेवा, कारण फीड लावून वाचणारा माणूस मुळात चिवट वाचक असतो, बरेचदा स्वतः लिहिणाराही असतो, त्याला लेख आवडला तर तो लिंक देतो आणि त्या लिंकवरून नवे लोक येतात. फक्त लेखात आपल्या जुन्या एकदोन लेखांच्या लिंक पेरून ठेवा, म्हणजे वाचक तिथून ब्लॉगवर येतो, आणि कोणी फीडवरून लेख ढापलाच तरी सहसा लिंकसकट ढापतो. सारांशच ठेवायचा असेल तर एक लक्षात घ्या, वर्डप्रेस आपोआप पहिले ५५ शब्द उचलतं, आणि ते "नमस्कार मित्रांनो, बरेच दिवस लिहिणं झालं नाही" यातच संपले तर क्लिक कोण करणार?

फीडचे सबस्क्रायबर किती ते बघायला होस्टिंगच्या सर्व्हर लॉगमध्ये (ब्लॉगवर कोण काय न्यायला आलं त्याची नोंदवही) शोधा, फीडलीसारखे रीडर फाइल न्यायला येतात तेव्हा आपल्याकडे किती जणांनी हे फीड लावलंय तो आकडा सोबत लिहून जातात. पूर्वी फीडबर्नर या गूगलच्या सेवेचा, फीडचे सबस्क्रायबर मोजणारा, आकडा लोक साइडबारमध्ये दागिन्यासारखा मिरवायचे. पण गूगलचा फीड वाचायचा गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला आणि २०२१ मध्ये फीडबर्नरची नवे लेख ईमेलने पाठवायची सेवाही गेली, तेव्हा ज्यांची सबस्क्रायबरच्या पत्त्यांची यादी डाउनलोड करून ठेवायची राहिली त्यांची पंचाईत झाली. यादी कुठल्याही सेवेवर असू दे, महिन्यातून एकदा तिची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून घ्या.

आता ईमेल, आणि खरी गंमत इथे आहे. नव्या लेखाचा मेल सबस्क्रायबरना गेला की त्या दिवशी ग्राफ एकदम वर जातो आणि एकदोन दिवसांत खाली बसतो, सर्चचं ट्रॅफिक मात्र हळूहळू साचतं. दोन्हीची तुलना करू नका. मेलवाल्यांचं काम पहिल्या दिवशी लेखाला हलवून देणं, त्यांनी शेअर केलं, प्रतिक्रिया दिली की मग बाकीचे येतात.

मी सुरुवातीला मेलमध्ये अख्खा लेख टाकायचो आणि कोणी येत नाही म्हणून कुरकुरायचो, आता दोन परिच्छेद आणि एकच लिंक. त्यात दुसराही फायदा आहे, मेलचा कोड आणि मजकूर मिळून १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं, तळाची अनसबस्क्राइबची लिंक दिसत नाही, आणि वैतागलेला माणूस सरळ स्पॅम दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय, त्यामुळे असे चारदोन जणसुद्धा महागात पडतात.

मेलमधल्या लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे वाचक कुठून आला ते ॲनालिटिक्सला सांगणारी लिंकच्या शेवटची शेपटी, लावायचाच. नाहीतर मेल ॲपमधून आलेला माणूस "डायरेक्ट" मध्ये जमा होतो आणि लोकांना पत्ता पाठ झालाय असा तुमचा गोड गैरसमज होतो. टॅगचं स्पेलिंग दरवेळी तेच आणि सगळी अक्षरं स्मॉल, कारण गूगल ॲनालिटिक्स कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतं.

ओपन रेटवर, म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला त्या आकड्यावर, फार विसंबू नका, सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच लोड करून ठेवतं त्यामुळे न उघडलेले मेलही उघडलेले दिसतात. क्लिक मोजा. हजार जणांत ३० क्लिक येत असतील आणि दुसऱ्याच्या २०० जणांत ५०, तर दुसऱ्याची यादी भारी. सहा महिन्यांत एकही क्लिक न केलेल्यांना एकदा विचारा, अजून मेल हवेत का म्हणून, आणि उत्तर नाही आलं तर काढून टाका. आकडा कमी होताना पोटात गोळा येतो, येऊ द्या.

राहिला सबस्क्राइब करायचा फॉर्म. तो लेखाच्या शेवटी ठेवा, तिथवर पोचलेला माणूस आवडलं म्हणूनच पोचलेला असतो. पान उघडून तीन सेकंद झाले नाहीत तोवर उडी मारणारा पॉपअप काढा आणि पत्ता दिल्यावर कन्फर्म करायचा मेल जाईल अशी सोय ठेवा, म्हणजे चुकीचे आणि खोटे पत्ते यादीत शिरतच नाहीत.